पेटी, गाडी आणि पुस्तक

ग्रामीण भागातील गरीब मुलांपर्यंत पुस्तके पोहोचविण्याच्या प्रश्नाची चर्चा बहुधा ग्रंथालयशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या अंगाने होते. पुस्तके किती, पेट्या किती, गावे किती, असा तिचा हिशेब असतो. तो आवश्यकच आहे. परंतु या प्रश्नाला एक वाङ्मयीन बाजूही आहे आणि तिच्याकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही.

सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हे ओळखून १९१० पासून विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने तेथे ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. १९३१ मध्ये मद्रास इलाख्यातील मन्नारगुडी परिसरात पुस्तके बैलगाडीतून गावोगाव नेण्याचा प्रयोग झाला. त्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, हे त्यांतील पहिले सूत्र. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे दुसरे.

पहिल्या सूत्राची उपेक्षा सहज दिसते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेतून प्राथमिक शाळांना इतर साहित्याबरोबर पुस्तकेही मिळाली. मात्र नोंदवहीत चढलेले पुस्तक फाटले वा हरवले, तर त्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. साहजिकच अनेक ठिकाणी ते कुलूपबंद कपाटात सुरक्षित राहिले. गावात पुस्तक आले, मुलाच्या हाती मात्र आले नाही.

दुसऱ्या सूत्राची उपेक्षा अधिक खोल आहे, आणि तिचा दोष कपाटाला देता येत नाही. मराठी बालसाहित्याचा मोठा भाग शहरी मध्यमवर्गीय घरात जन्मला. त्यात खेडे येते ते सुटीपुरते: मामाचा गाव, आमराई, विहीर, बैलगाडी. गावातील मुलगा पाहुण्याला वाट दाखवतो. गोष्ट मात्र पाहुण्याची असते. गरिबी येते ती बोधासाठी: गरीब मुलगा प्रामाणिक असतो आणि शेवटी त्याला बक्षीस मिळते. असे पुस्तक वाचणाऱ्या गरीब मुलाला आपण दुसऱ्याच्या सद्गुणशिक्षणाचे साधन आहोत, एवढेच कळते.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’वर भावविवशतेचा आक्षेप घेतला गेला आहे. तो मान्य करूनही एक गोष्ट उरते. तेथील कर्ज आणि अपमान निवेदकाच्या स्वतःच्या घरातले आहेत; ते दुरून पाहिलेले नाहीत. खेड्यापाड्यांत या पुस्तकाला मिळालेल्या जिव्हाळ्याचे एक कारण येथे असावे.

तथापि ‘त्याचा ग्रंथ’ म्हणजे केवळ त्याच्या परिस्थितीचा आरसा, असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’मधील प्राण्यांची गंमत कळण्यासाठी मुंबई पाहिलेली असावी लागत नाही. शब्दांचा नाद आणि कल्पनेची उलटापालट ओवी-उखाण्यांवर वाढलेल्या कानाला परकी नसते. गरीब मुलाला फक्त गरिबीच्याच गोष्टी देणे हीदेखील वंचनाच होय.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. वारली किंवा कातकरी घरातल्या मुलाला पुस्तकातील प्रमाण मराठी ही नवी भाषाच असते. भोपाळहून १९८५ पासून निघू लागलेल्या ‘चकमक’ या हिंदी मासिकाने मुलांच्या स्वतःच्या लेखनाला व चित्रांना जागा दिली. आपल्या तोंडचे वाक्य छापले जाऊ शकते, हे ज्या मुलाला दिसले, त्याला इतरांची छापील वाक्येही जवळची वाटू लागतात.

शहरातील मुलाला एक पुस्तक नीरस वाटले, तर शेजारी दुसरे असते. घरात पहिल्यांदाच अक्षर शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला कित्येकदा एकच पुस्तक येते. ते फसले, तर वाचन आपल्यासाठी नाही, असा निष्कर्ष ते मूल काढते आणि तो आयुष्यभर टिकू शकतो. म्हणून पेटी भरणाऱ्याची निवड हे समीक्षेचेच काम आहे. आणि पेटीत ठेवण्याजोगे पुस्तकच लिहिले गेले नसेल, तर कोणत्याही गाडीला ते गावात नेता येणार नाही.