‘बनगरवाडी’तील मास्तर : एका पात्राचा विकास

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीची चर्चा करताना वाडी हीच तिची नायिका असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा मग केवळ साक्षीदार उरतो. हे मत अर्धेच खरे आहे. मास्तर बदलतो, मात्र संघर्ष, निर्णय आणि आत्मबोध हे पाश्चात्त्य कादंबरीवरून घेतलेले माप लावल्यास तो बदल दृष्टीस पडत नाही.

औंध संस्थानातील धनगरांच्या या वाडीवर तो येतो तेव्हा वयाने कोवळा आणि नोकरीत नवखा आहे. शाळा आहे, पण मुले नाहीत. मुले मिळवायची तर आधी कारभाऱ्याचे मन वळवावे लागते. पुढे लिहिण्यावाचण्याची, देण्याघेण्याची, तंट्याबखेड्यांची कितीतरी कामे त्याच्या अंगावर पडत जातात. यांतले एकही काम त्याने मागून घेतलेले नाही. वाडी त्याला राबवून घेते आणि त्यातूनच घडवते. तालमीचे बांधकाम निघते तोवर हा पोरसवदा मास्तर वाडीचा विश्वासू माणूस झालेला असतो. निवेदनातही याची खूण सापडते. आरंभी त्याच्या धास्तीला आणि एकटेपणाला जागा आहे. पुढे ‘मी’ मागे सरतो आणि आयबू, आनंदा रामोशी, शेकू यांची आयुष्ये समोर येतात.

अंजीच्या बाबतीत मात्र हे चित्रण अडखळते. तिच्याविषयी मास्तरच्या मनात नेमके काय आहे, याच्या खोलात लेखक शिरत नाही. यास कोणी संयम म्हणेल. प्रस्तुत लेखकास ती टाळाटाळ वाटते.

खरी कसोटी अखेरीस येते. तालीम उभी राहते, राजेसाहेब येऊन जातात आणि नंतर पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, माणसे पोटासाठी वाडी सोडतात. मास्तरने मिळविलेला विश्वास, अंगी आलेले शहाणपण यांतले काहीच येथे उपयोगी पडत नाही. ‘आदर्श शिक्षकाने केलेली ग्रामसुधारणा’ असा या कादंबरीचा सारांश वर्गात सांगायचा, तर नेमका हाच भाग वगळावा लागतो. तो वगळला की मास्तरच्या बदलाचा अर्थच हरवतो. शाळा आरंभीही रिकामी होती; पण तेव्हा कोण आलेले नाही, हे त्याला ठाऊक नव्हते.