दोरी कापल्यावर वर जाणारं वजन

छताच्या आकड्याला एक स्प्रिंग टांगली आहे. तिच्या खालच्या टोकाला आखूड दोरी, दोरीला तशीच दुसरी स्प्रिंग आणि तिला वजन. शिवाय दोन लांब दोऱ्या सैल लोंबताहेत. एक छतापासून खालच्या स्प्रिंगच्या माथ्यापर्यंत, दुसरी वरच्या स्प्रिंगच्या तळापासून वजनापर्यंत. आता मधली आखूड दोरी कापली तर? वजन खाली येईल, असंच मन सांगतं. ते वर जातं.

जोएल कोहेन आणि पॉल होरोवित्झ यांनी 1991 मध्ये ‘नेचर’मध्ये ही रचना मांडली. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना होरोवित्झ ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’चे सहलेखक म्हणून ठाऊक असतात. मला ही रचना चांगल्या कवितेइतकी बांधेसूद वाटते. तिच्यात लपवलेलं काहीच नाही. दोन्ही सैल दोऱ्या पहिल्यापासून डोळ्यांसमोर असतात. त्या अडीअडचणीसाठी ठेवलेल्या असाव्यात असं समजून आपणच त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

कापण्याआधी स्प्रिंगा एकसर जोडणीत आहेत. एकीखाली एक असल्यामुळे पूर्ण भार दोघींनाही पेलावा लागतो. भार वाटला जात नाही, लांबी मात्र दोघींची वाढते आणि त्या वाढीची बेरीज होते. म्हणून दोन सारख्या स्प्रिंगांची एकसर जोडी एकटीपेक्षा निम्मी ताठर. समांतर जोडणीत, पोत्याला दोघांनी हात लावावा तसा, प्रत्येकीकडे अर्धाच भार येतो आणि जोडी दुप्पट ताठर होते. विजेच्या रोधांचा नियम घोकलेल्या विद्यार्थ्याला हे उलटं वाटतं. ताठरतेचं गणित कपॅसिटरसारखं चालतं. त्याच दोन स्प्रिंगा, आणि नुसत्या मांडणीने चौपट फरक!

कात्री लागताच नेमकं हेच घडतं. आखूड दोरी गेली की सैल दोऱ्या ताणल्या जातात. वरची स्प्रिंग आपल्या दोरीने थेट वजनाला धरते, खालची आपल्या दोरीने थेट छताला. एकसर जोडणी क्षणात समांतर होते. जी गाठ वजन सांभाळते असं वाटत होतं, तीच दोन्ही स्प्रिंगांना पूर्ण भार उचलायला लावत होती. या रचनेचा सगळा रस मला इथे सापडतो.

आकडे घालून पाहू. स्प्रिंगची मूळ लांबी 10 सेंमी, एक किलो वजनाने ती 20 सेंमी ताणते, आखूड दोरी 2 सेंमी, सैल दोऱ्या प्रत्येकी 36 सेंमी. आधी वजन छतापासून 30 अधिक 2 अधिक 30, म्हणजे 62 सेंमी खाली. नंतर प्रत्येक स्प्रिंगवर अर्धा किलो, म्हणून तिची लांबी 20. त्यात दोरीचे 36. एकूण 56. वजन 6 सेंमी वर आलं.

ही चढाई फुकट नाही. ताणलेल्या दोन स्प्रिंगांत सुमारे 2 ज्यूल ऊर्जा होती, नंतर अर्धा ज्यूल उरते. सुटलेल्या दीड ज्यूलपैकी सुमारे 0.6 ज्यूल वजन उचलण्यात जाते. बाकीची हेलकाव्यांत खर्चून हवेत आणि धातूत उष्णता होऊन विरते. म्हणजे वजन उचलायला लागणारी ऊर्जा त्या ताणात आधीच साठलेली होती. हे कळल्यावर आश्चर्य कमी होत नाही, उलट त्याला आधार मिळतो.

कोहेन आणि होरोवित्झ यांच्या मनात होता जर्मन गणिती डिट्रिश ब्रेस यांचा 1968 मधला रस्त्यांविषयीचा निष्कर्ष: जाळ्यात नवा रस्ता जोडला आणि प्रत्येक चालक आपापली सोयीची वाट निवडू लागला, तर कधीकधी सगळ्यांचाच प्रवास लांबतो. रहदारीच्या जागी बल, प्रवासवेळेच्या जागी लांबी ठेवा. आखूड दोरी हा तो नवा रस्ता. अमूर्त गणिताला त्यांनी हाताने कापता येईल असं रूप दिलं, ही त्यांच्या ‘नेचर’मधल्या लेखाची मोठी कमाई.

तरी कारागिरी खरी दिसते ती सैल दोऱ्यांच्या लांबीत. आपल्या आकड्यांत ती 32 सेंमीपेक्षा कमी झाली, तर दोऱ्या सैलच राहत नाहीत, आधीच भार घेऊ लागतात. 42 ला वजन होतं तिथेच राहतं. त्याहून लांब दोऱ्या घेतल्या, तर वजन खरोखरच खाली येतं आणि पाहणाऱ्याचा पहिला अंदाज बरोबर ठरतो.