शुश्रूषा आणि यंत्राचा वाचक

‘केअरगिव्हर’साठी मराठीत ‘काळजीवाहू’ हा शब्द हल्ली सर्रास लिहिला जातो. तो वाचला की मला काळजीवाहू सरकार आठवते : नवे मंत्रिमंडळ येईपर्यंत फायली सांभाळणारे आणि मोठा निर्णय न घेणारे. जुना ‘शुश्रूषा’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. त्याचा धातू ‘श्रु’. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा. फोनला जोडलेल्या आरोग्ययंत्रांकडे मी या मूळ अर्थाच्या अंगाने पाहते आहे. ही यंत्रे आकड्यांतून, बाणांतून, कर्कश आवाजांतून बोलत असतात. कादंबरीला जसा अभिप्रेत वाचक असतो तसा यांनाही असतो, आणि तो कोण हे तपासणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही.

साधे उदाहरण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे. करोनाच्या काळात तो आपल्याकडे थर्मामीटरइतका घरगुती झाला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतले स्वयंसेवक तो घेऊन दारोदार फिरले. त्याच्या इवल्याशा पडद्यावर दोन आकडे असतात, एक प्राणवायूचा आणि दुसरा नाडीचा. दोहोंची नावे इंग्रजी आद्याक्षरांत, मुगाच्या दाण्याएवढी. अंथरुणावरच्या माणसाला आकडा सुलट दिसतो, तर समोर बसलेल्या सुनेला किंवा मुलाला उलट. इंग्रजी अंकांतले ९८ उलट बाजूने वाचले की ८६ होतात. पहिला आकडा दिलाशाचा, दुसरा रुग्णवाहिका बोलावण्याचा. बटण दाबून पडदा फिरवता येतो, पण ते माहीत असायला हवे. बोट ज्याचे तोच वाचक, असे या यंत्राने धरून चालले आहे. प्रत्यक्षात धाप लागलेला माणूस आकडे वाचत नाही. त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी वाचते.

या गृहीतकाला सर्वांत ठोस उत्तर मिळाले ते टाइप १ मधुमेहाच्या क्षेत्रात, आणि ते दिले पालकांनी. त्वचेखाली बारीक तार ठेवून साखर सतत मोजणारे सेन्सर दर ५ मिनिटांनी एक आकडा देतात, दिवसाला २८८. अमेरिकेतल्या जॉन कॉस्टिक या अभियंत्याच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये हा आजार असल्याचे कळले. मुलाला डेक्सकॉमचा सेन्सर बसवला, पण आकडा दिसायचा तो मुलाजवळच्या छोट्या रिसीव्हरवर. मूल शाळेत आणि बाप कामावर. कॉस्टिकने २०१३ मध्ये रिसीव्हरमधली माहिती इंटरनेटवर चढवणारा प्रोग्राम लिहिला आणि ट्विटरवर तसे सांगितले. मग इतर पालक जोडले गेले आणि त्यातून ‘नाइटस्काउट’ ही कोणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली उभी राहिली. ‘आम्ही थांबणार नाही’ हे त्यांचे घोषवाक्य. कंपनीच्या स्वतःच्या दूरदर्शक सोयीला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली ती त्यानंतर.

नाइटस्काउटचा पडदा मी एक संहिता म्हणून वाचते. काळ्या पाटीवर ठिपक्यांची रांग, बाजूला ठळक आकडा, त्याला जोडून बाण. बाणाचे महत्त्व आकड्याहून तसूभर कमी नाही. साखर ९० आणि बाण आडवा असेल तर झोपावे. तीच ९० आणि दोन बाण खाली असतील तर मिनिटाला ३ मिलिग्रॅमहून अधिक वेगाने उतरण, म्हणजे ताबडतोब काहीतरी गोड तोंडात घालायला हवे. सुटा आकडा म्हणजे नाम. बाणामुळे त्याला क्रियापद मिळते. पण मला सर्वांत दाद द्यावीशी वाटते ती एका क्षुल्लक दिसणाऱ्या तपशिलाला. आकडा किती मिनिटांपूर्वीचा आहे हे तिथे शेजारीच लिहिलेले असते, आणि तो शिळा झाला की त्यावर आडवी रेघ ओढली जाते. ‘मला आता काही माहीत नाही’ हे यंत्र स्वतःहून कबूल करते. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत फोन उचलणाऱ्या माणसाने लिहिल्याशिवाय हा तपशील सुचत नाही, असे माझे मत आहे.

त्याचे मोल ३० नोव्हेंबर २०१९ च्या रात्री कळले. डेक्सकॉमचे सर्व्हर बिघडले आणि ‘फॉलो’ या ॲपवर विसंबलेल्या पालकांपर्यंत माहिती पोहोचेना. सेन्सर मोजत होता, मुलाजवळचे यंत्र वाजूही शकत होते. तुटला होता तो फक्त दुसऱ्या खोलीतला, दुसऱ्या गावातला कान. कंपनीची सूचना सकाळी फेसबुकवर आली. आम्हाला थेट का कळवले नाही, हा पालकांचा संताप होता. सगळे ठीक असले तरी शांतता, आणि सगळे तुटले तरी शांतताच. साहित्यात मौनाची संदिग्धता आपण गुण मानतो. इथे ती जिवावर बेतू शकते.

म्हणून ‘सोपे यंत्र’ म्हणजे कमी बटणे, मोठी अक्षरे, गोजिरे रंग हे समीकरण मला अपुरे वाटते. अलार्म वाढवूनही भागत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये इशारा दिला होता : जानेवारी २००९ ते जून २०१२ मध्ये तिच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. सततच्या आवाजाने कान बधिर होतात. परिचारिकांना निदान पाळ्या असतात. घरात पाळी नसते, आणि असली तर ती बहुधा एकाच बाईची असते.

डेक्सकॉमच्या ॲपमध्ये पाहणाऱ्याचे नाव ‘फॉलोअर’. अनुयायी! ज्याने उठायचे, साखर द्यायची, पुन्हा मोजायचे, त्याला केवळ मागून येणारा ठरवणारा हा शब्द आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र हाच शब्द वेगळा टोचेल : आपली साखर आईसह चार जण बघताहेत, हे तिला पहाऱ्यासारखे वाटले तर मी तिला दोष देणार नाही. कोणी, केव्हा, किती पाहायचे हे तिला सहज बदलता येणे, हाही सोपेपणाच. त्या बाबतीत पालकांनी घडवलेली यंत्रे पालकांच्याच बाजूने झुकलेली आहेत.

एका रुग्णामागे असे दहा जण जोडता येतात. आई पुण्यात, मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी बंगळुरात अशी घरे आता आपल्याकडे कमी नाहीत. मध्यरात्री तिघांचे फोन एकदम वाजतात. मुलाला वाटते बहिणीने आईला फोन केला असेल, बहिणीला वाटते दादा जागाच आहे. त्या पडद्यावर साखर दिसते, बाण दिसतो. ‘मी बघतोय, तू झोप’ एवढे दुसऱ्याला कळवणारे बटण तिथे हवे.