मध्यान्ह, सायंकाळी साडेपाच वाजता

गेल्या डिसेंबरात पुण्यात विज्ञानशिक्षकांची दोन दिवसांची एक परिषद झाली. रांजणगावाहून आम्ही तिघे शिक्षक आणि नववीतल्या दोन मुली असे पाच जण पहाटेच्या एसटीने निघालो. शिक्रापूर, वाघोली या वाटेवरची वाहनांची कोंडी ठाऊक असल्याने लवकर निघणे भागच असते. सभागृहाच्या दारात पिशवी, बिल्ला आणि पेन मिळाले. कार्यक्रमपत्रिका मात्र मिळाली नाही. "यंदा छापलेली नाही, सर. सगळं ॲपवर आहे," असे स्वयंसेवकाने हसतमुखाने सांगितले. कागद वाचवण्याचा विचार चांगलाच होता. तेव्हा पुढे जे लिहिले आहे त्यात कोणाच्या हेतूविषयी शंका नाही. परीक्षण करायचे आहे ते त्या साधनाचे.

मुलींना ज्या कार्यशाळेसाठी मुद्दाम आणले होते, तिचा विषय होता 'सावलीवरून स्थानिक मध्यान्ह शोधणे'. ॲपमध्ये तिची वेळ सायंकाळी ५.३० दिसत होती. एका मुलीने लगेच विचारले, "सर, साडेपाचला तर सूर्य मावळायला येतो. मग मध्यान्हीची सावली कशी मोजणार?" मी म्हणालो, "अगं, आधी नुसती माहिती सांगत असतील. ॲपमध्ये तसंच लिहिलंय ना!" आणि आम्ही एका व्याख्यानाला जाऊन बसलो. कार्यशाळा ठरल्याप्रमाणे दुपारी १२ वाजता मैदानावर झाली आणि संपली. साडेपाचला आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा मांडवाच्या खुर्च्या गोळा करणारी माणसे तेवढी होती.

हे कसे झाले? बारा आणि साडेपाच यांतला फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, हे ध्यानात आले की अर्धे कोडे सुटते. संगणकाच्या जगात वेळ साठवताना ती बहुधा जागतिक समन्वित वेळेत साठवतात आणि दाखवताना त्या त्या ठिकाणच्या वेळेत बदलून दाखवतात. आयएसओ ८६०१ या मानकानुसार वेळेच्या आकड्यांमागे इंग्रजी 'झेड' हे अक्षर लिहिले असेल, तर ती वेळ जागतिक आहे असा अर्थ होतो. व्याख्यानांची यादी एकाने भरली होती, ती बरोबर होती. कार्यशाळांची यादी दुसऱ्याने निराळ्या फाईलमधून चढवली. त्या फाईलमध्ये आपल्या घड्याळाचे बारा वाजता लिहून मागे 'झेड' लागलेला होता. यंत्राने इमानेइतबारे त्यात साडेपाच तास मिळवले. दुपारी दोनची एक कार्यशाळा ॲपवर सायंकाळी साडेसातला दिसत होती, पण आकाशदर्शन असेल असे समजून तिच्याबद्दलही कोणी विचारले नाही.

या साडेपाच तासांचा उगम वर्गात सांगण्यासारखा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासाला १५ अंश. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ८२.५ भागिले १५ बरोबर साडेपाच. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, पण मुंबईने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत सांभाळली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. एकाच शहरात दोन वेळा चालत असताना 'कोणत्या घड्याळाने?' असे विचारल्याशिवाय निरोप पुरा होत नसे. आमच्या ॲपने नेमका हा प्रश्न गाळला होता. वेळेपुढे 'भारतीय प्रमाणवेळ' हे दोन शब्द कोठेच नव्हते. माहिती भरणाऱ्याला एकदा तरी 'ही कार्यशाळा सायंकाळी साडेपाचला आहे, बरोबर ना?' असे उलट विचारले असते, तर चूक तेथेच सापडली असती.

अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञांचे रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवरचे पुस्तक १९८८ साली प्रसिद्ध झाले. दार ढकलायचे की ओढायचे हे माणसाला कळत नसेल, तर दोष माणसाचा नसून दाराच्या रचनेचा आहे, अशी त्यांची भूमिका आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. माझ्या शेजारी बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या एक बाई सारख्या म्हणत होत्या, "मलाच जमत नाही हो हे मोबाईलचं." त्यांना न जमलेली गोष्ट कोणती? ॲप उघडताना दर वेळी संदेशाने येणारा सहा आकडी क्रमांक टाकायचा होता, आणि तळघरातल्या त्या सभागृहात मोबाईलला रेंजच नव्हती! चाळीस वर्षे बीजगणित शिकवलेल्या बाईंना सहा आकडे टाइप करता येत नव्हते, असे थोडेच आहे?

बरे, कार्यक्रमाची माहिती दर वेळी दूरच्या संगणकावरून मागवण्याची गरज तरी होती का, ते हिशेब करून पाहू. समजा, परिषदेत ६० कार्यक्रम आहेत आणि प्रत्येकाची माहिती ५०० अक्षरांची आहे. देवनागरीतल्या एका चिन्हाला यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत ३ बाइट लागतात. ६० गुणिले ५०० गुणिले ३, म्हणजे ९०,००० बाइट. मोबाईलने काढलेला एक साधा फोटोसुद्धा सहसा याहून कितीतरी मोठा असतो. सारी पत्रिका सकाळी एकदाच फोनमध्ये उतरवून ठेवता आली असती आणि मग फक्त बदल तेवढे मागवायचे.

शोधण्याची सोय होती, पण तिचीही एक गंमत झाली. आमच्या रसायनाच्या सरांनी 'अ‍ॅसिड' असा शब्द टाकला. उत्तर आले, 'काही सापडले नाही'. व्याख्यान तर होते! 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येते: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा 'अ'वर अर्धचंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला मात्र निराळी. 'संबंध' आणि 'सम्बन्ध' यांचेही तसेच. ज्याने शोधाची सोय केली त्याने ती मराठीतून वापरून पाहिलेली नव्हती, एवढे यावरून निश्चित कळते.

परंतु माझी खरी तक्रार याहून साधी आहे. ॲपमध्ये कार्यक्रम एकाखाली एक असे यादीने येत होते. एका वेळी चार दालनांत काय चालले आहे, हे एका नजरेत दिसत नव्हते. शाळेचे वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तासिका उभ्या, वर्ग आडवे, असा तक्ता आपण कार्यालयात लावतो, कारण मोकळा तास आणि टक्कर ही दोन्ही त्यात आपोआप दिसतात. असा तक्ता तयार करणे हे मोठे अवघड काम आहे. वेळापत्रकाचा प्रश्न संगणकालाही जड जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे १९७६ सालीच गणिताने सिद्ध झाले आहे. पण तयार झालेला तक्ता वाचणे सोपे असते. येथे आयोजकांनी अवघड काम पार पाडले होते आणि सोपे काम ॲपने अवघड करून ठेवले. २०२३ च्या जानेवारीत नागपूरला झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेससारख्या संमेलनात विज्ञानाचे चौदा विभाग समांतर चालतात. तेथे नुसती लांबलचक यादी हाती आली तर माणसाने काय करावे?

ॲपमध्ये काहीच चांगले नव्हते असे नाही. आवडलेल्या कार्यक्रमापुढे चांदणी लावता येत होती. अक्षर मोठे करता येत होते. ही सोय छापील पत्रिकेत नसते. एका वक्त्यांची गाडी चुकली तेव्हा त्यांच्या व्याख्यानाची बदललेली वेळ अर्ध्या तासात सर्वांना कळली, तेही कागदाला जमले नसते. मात्र एकाच वेळेच्या दोन कार्यक्रमांना चांदण्या लावल्या तरी 'हे दोन एकाच वेळी आहेत' असे ॲप सांगत नव्हते. मी स्वतः तीन ठिकाणी एकदम हजर राहणार होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी एका स्वयंसेविकेने ड्रॉइंगचे दोन कागद चिकटवून, स्केचपेनने आडव्या-उभ्या रेघा मारून दिवसाचा तक्ता दारात लावला. दहा मिनिटांत त्याच्याभोवती गर्दी झाली आणि जो तो मोबाईल काढून त्याचा फोटो घेऊ लागला. मोबाईलवर मिळालेली ती सर्वांत उपयोगी पत्रिका ठरली. आयोजकांना मी पत्र लिहिले आहे: ॲप जरूर ठेवा, पण असा एक तक्ता दारात लावा आणि त्याचे चित्र ॲपच्या पहिल्या पानावर द्या.

राहिली ती हुकलेली कार्यशाळा. सोमवारी शाळेच्या मैदानात मुलींनी एक सरळ काठी ओळंब्याने उभी केली आणि तिच्याभोवती जमिनीवर वर्तुळ आखले. भर दुपारी सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते की सर्वांत लहान सावलीचा क्षण डोळ्यांनी नेमका पकडता येत नाही. म्हणून सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला कधी टेकते आणि दुपारी पुन्हा कधी टेकते, या दोन वेळा लिहून त्यांचा मध्य काढायचा. रांजणगाव सुमारे ७४.२५ अंश पूर्व रेखांशावर आहे. प्रमाण रेखावृत्तापासून ८.२५ अंशांचे अंतर, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३३ मिनिटे. तेव्हा आमच्याकडे सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास ते पावणेएकपर्यंत पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबारापर्यंत मागे येते. मुलींच्या वहीत त्या दिवशीचा मध्य आला १२ वाजून २६ मिनिटे. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे मोजमाप घ्यायचे त्यांनी ठरवले आहे, आणि वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला 'सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार' असे लिहून ठेवले आहे.