संघ कमी केले की दमछाक कमी होते?

मंडळी, मोठ्या फुटबॉल लीगमधले संघ कमी करा म्हणजे खेळाडूंची दमछाक थांबेल, असं हल्ली आपण वारंवार ऐकतो. वरवर पटतंही. पण याचं उत्तर आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येच मिळतं.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचं घरचं मैदान हेच होतं. संघ फक्त ८, साखळीत प्रत्येकाचे १४ सामने. लीग छोटीच की! पण ती साखळी साधारण दोन महिन्यांत उरकली. म्हणजे सरासरी चार दिवसांनी सामना, शिवाय प्रवास. २०१७-१८ मध्ये संघ १० झाले, सामने १८ झाले, पण साखळी साडेतीन महिने चालली. सामने वाढले, तरी मधली विश्रांतीही वाढली.

आता फ्रान्स बघू. २०२३ मध्ये तिथे संघ २० वरून १८ केले, सामने ३८ चे ३४ झाले. लगेच २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीगने पहिल्या टप्प्यातले सामने ६ चे ८ केले. २०२५ च्या जुलैत तर पॅरिसचा संघ क्लब वर्ल्ड कपची फायनल खेळत होता. मोकळी केलेली जागा दुसऱ्यानेच बळकावली. किंमत मोजली छोट्या क्लबांनी: खाली गेले चार, वर आले दोनच.

म्हणून आमचं म्हणणं असं, की संघ मोजू नका. एका खेळाडूचे वर्षभरातले सामने आणि दोन सामन्यांमधले दिवस मोजा. ती मर्यादा फिफा, युएफा आणि लीग या तिघांवरही बंधनकारक हवी.