घराच्या उंबरठ्यावरचे युद्ध

चित्रांतून सांगितलेली कथा म्हटली, की ती मुलांच्या करमणुकीसाठीच असावयाची, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून अद्याप रूढ आहे. त्यातून ती परग्रहावरील असली, तर वडील मंडळी ती हातीही धरीत नाहीत. ब्रायन के. व्हॉन यांनी लिहिलेली आणि फियोना स्टेपल्स या कॅनेडियन चित्रकर्तीने रेखाटलेली ‘सागा’ ही मालिका या समजास चांगलाच धक्का देते. इमेज कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने तिचा पहिला अंक मार्च २०१२ मध्ये काढला, आणि पुढच्याच वर्षी तिच्या पहिल्या खंडास विज्ञानकथेच्या क्षेत्रातील ह्यूगो पारितोषिक मिळाले. ही मालिका मुलांच्या हाती देण्याजोगी मुळीच नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मुलांच्या आईबापांनी मात्र ती अवश्य वाचावी, असे आमचे मत आहे.

लँडफॉल हा ग्रह आणि रीथ हा त्याचा उपग्रह यांच्यात फार काळापासून युद्ध जुंपलेले आहे. एकाचा नाश झाला तर दुसरा कक्षेतून ढळावयाचा. म्हणून दोघांनीही आपले रण परक्यांच्या अंगणात नेऊन ठेवले आहे. घरचे लोक सुखाने जेवतात आणि मरतात ते तिसऱ्याच ग्रहावरचे. दूरचे युद्ध सुखवस्तू माणसास किती सहज विसरता येते, हे व्हॉन यांनी कोणतेही प्रवचन न करता या एका योजनेतून दाखविले आहे. क्लीव्ह नावाच्या अशाच एका रणभूमीवर पंखांची अलाना ही पहारेकरीण आणि शिंगांचा मार्को हा तिचा युद्धकैदी. दोघे एकमेकांत गुंततात, पळून जातात, आणि त्यांना मुलगी होते. पंख आणि शिंगे दोन्ही असलेली ही हेझल म्हणजे शत्रूंचा संसार होऊ शकतो याचा जिवंत पुरावा. म्हणूनच उभय पक्षांस ती नकोशी आहे.

‘सागा’ हा शब्द आइसलंडच्या जुन्या गद्यकथांचा. त्या कथांतही घराणी आणि त्यांची पिढीजात वैरे यांनाच प्राधान्य असे. येथे मात्र कथा वीराची नसून वाचलेल्या मुलीची आहे. सारा वृत्तान्त मोठी झालेली हेझल सांगते, आणि तिचे शब्द स्टेपल्स यांनी चौकटीत न कोंडता स्वतःच्या हस्ताक्षरात चित्रांवरच लिहिले आहेत. यामुळे एक विलक्षण परिणाम साधतो. ही मुलगी जगली, हे वाचकास पहिल्या अंकापासून ठाऊक असते. ती कोणाच्या जिवावर जगली, हा प्रश्न मात्र प्रत्येक पानावर त्याच्या मनास टोचत राहतो.

या मालिकेचे खरे सामर्थ्य आकाशयुद्धांत नाही, ते घरगुती प्रसंगांत आहे. मार्कोचे आईबाप अवचित येऊन थडकतात. सासू क्लारा जुनी योद्धी. तिला शत्रूच्या घरची सून सहन होत नाही. सासरे बार हे मरणास टेकलेले असूनही त्याच सुनेसाठी कपडे शिवतात. मूल सांभाळावयास इझाबेल नावाची मुलगी आहे. सुरुंगाने कमरेपासून खाली छिन्न झालेल्या मुलीचे ते भूत. युद्धाने मारलेल्या पोरीने युद्धातून वाचलेल्या पोरीस अंगाई म्हणावी, यापेक्षा अधिक भाष्य लेखकास करावे लागत नाही.

परंतु या लेखकाचा प्रामाणिकपणा आम्हांस जाणवला तो अन्यत्र. मार्कोने शस्त्र न उचलण्याची प्रतिज्ञा केलेली आहे. अलानावर प्रसंग येताच ती मोडते, हे आपण समजू शकतो. पण पुढे जरा स्थिर झालेल्या संसारात, कामाने शिणलेल्या आणि अमली पदार्थाच्या आहारी गेलेल्या अलानाशी भांडताना, हाच शांततावादी हातातली बाजाराची पिशवी तिच्या अंगावर फेकतो. तेथे ना सैन्य, ना शत्रू. स्वयंपाकाचे जिन्नस तेवढे आहेत. युद्धातून पळता येते, पण युद्धाने हातांस लावलेली सवय बरोबरच येते, हे सत्य इतक्या क्षुल्लक वस्तूतून इतक्या निष्ठुरपणे सांगितलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे. ज्या घरांतून रणांगण कोणी पाहिलेलेही नाही, त्या घरांसही हा प्रसंग परका वाटणार नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. बीभत्स आणि कामुक चित्रांचा येथे अतिरेक आहे; काही ठिकाणी तो अर्थास पोषक, तर काही ठिकाणी केवळ वाचकास दचकविण्यापुरता. अंकाच्या शेवटच्या पानावर आघात करण्याची सवयही पुढे पुढे ओळखीची होते. जुलै २०१८ मधील ५४ व्या अंकात मार्को एका भाडोत्री मारेकऱ्याच्या हातून मारला गेला, आणि त्यानंतर मालिका जानेवारी २०२२ पर्यंत थांबली. वाचकांना या दीर्घ विरामाचा राग आला असल्यास नवल नाही.

तथापि विरामानंतर जे दिसले, त्याने आमचा पुष्कळसा रोष मावळला. अलाना आता विधवा आहे. तिच्या पदरी हेझल आहे, आणि स्क्वायर नावाचा एक मुका झालेला मुलगाही आहे. डोक्याच्या जागी दूरचित्रवाणीचा पडदा असलेल्या राजपुत्राचा तो मुलगा. आणि या कुटुंबाचा माग काढण्यास प्रथम धाडला होता तो हाच राजपुत्र. आता त्याचे पोरके पोर अलाना आपले म्हणून वाढवीत आहे, आणि हेझल त्यास भाऊ मानते. कोणताही तह झालेला नाही, कोणतेही सैन्य मागे हटलेले नाही. तरी दोन शत्रूंची मुले एका ताटाशी बसली आहेत. युद्ध संपविणे या कुटुंबाच्या हाती नाही. ते पुढच्या पिढीच्या हाती सोपवावयाचे की नाही, एवढेच त्याच्या हाती आहे. ‘सागा’ची थोरवी ही, की एवढ्याशा गोष्टीस ती पराक्रमाचा मान देते.