‘उमेदवारी’ आणि ‘तिकीट’ : एका कर्तृलोपाची चिकित्सा

राजकीय गट आपले उमेदवार कसे निवडतात, याचे विवेचन बहुधा राज्यशास्त्राच्या अंगाने केले जाते. परंतु त्या निवडीविषयी समाज कोणत्या वाक्यांत बोलतो, हे पाहणेही तितकेच उद्बोधक आहे.

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पुढील जागेच्या आशेने दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे. ‘शिकाऊ उमेदवार’ या प्रयोगात तो अर्थ आजही जिवंत आहे. निवडणुकीत मात्र उमेदवारी ‘मिळते’. क्रियापद पालटले आणि राबणारा कर्ता केवळ घेणारा ठरला. ‘तिकीट’ हा शब्द अमेरिकेत पक्षाच्या उमेदवारांच्या छापील यादीचा वाचक होता. मराठीत तो एका व्यक्तीस मिळणारा परवाना झाला.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणीचे उदाहरण घ्यावे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नसल्याने अशा गावी ‘पॅनेल’ उभे राहते, आणि ते ‘अमक्याचे पॅनेल’ असते. नावे ठरविणारा षष्ठी विभक्तीत का होईना, पण उपस्थित असतो. त्याला पारावर जाब विचारता येतो. याच गावाचे मतदार ज्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात मोडतात, तेथे २०१९ साली शिवसेनेने तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांच्याऐवजी ओमराजे निंबाळकर यांना उभे केले. अशा प्रसंगी ‘तिकीट कापले’ एवढेच म्हटले जाते. कोणी कापले, हे वाक्यात येत नाही.

कर्ता अध्याहृत आहे, तो ‘पक्ष’ होय, असा आक्षेप संभवतो. परंतु १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशास हे उत्तर पुरत नाही. पक्षाच्या वतीने नावे कळविण्याचा अधिकार कोणास आहे, हे ‘अ’ नमुन्यात, आणि उमेदवार कोण, हे ‘ब’ नमुन्यात लिहावे लागते. त्यांवर शाईची सही लागते, शिक्का चालत नाही. कायद्याला कर्ता हवा असतो. बोली त्याला वगळते. शिवाय मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, अपक्षास मात्र दहा मतदार लागतात. म्हणजे सहीचे मोल नऊ मतदारांइतके ठरते.

हा कर्तृलोप निव्वळ व्याकरणाचा नव्हे. ज्या निर्णयाला वाक्यात कर्ता नाही, त्याचा जाब कोणास विचारावा, हे मतदारास सुचत नाही. ‘कोणी?’ हा प्रश्न पारावर जितका सहज विचारला जातो, तितकाच तो लोकसभेच्या उमेदवारीविषयीही विचारला गेला पाहिजे.